‘नाइस’चे पूर्वायुष्य

माणसाला जसे पूर्वायुष्य असते तसे शब्दालाही असते. आणि आज समाजात मानाने मिरवणाऱ्या काही माणसांप्रमाणे काही शब्दही आपल्या पूर्वायुष्याविषयी मौन पाळतात. इंग्रजीतला ‘नाइस’ हा त्यांपैकीच एक. चकली खुसखुशीत झाली, ‘नाइस’! पाहुणा मनमिळाऊ निघाला, तोही ‘नाइस’! शाळेतल्या लहान पोरालाही ठाऊक असलेला हा शब्द सातशे वर्षांपूर्वी कोणाला उद्देशून वापरला असता तर त्याने खचित बाह्या सरसावल्या असत्या.

त्याचे मूळ लॅटिन. ‘ने’ म्हणजे न आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. त्यांवरून ‘नेस्कियुस’, म्हणजे आपल्या भाषेत अज्ञ. मौज अशी की ‘सायन्स’ हा शब्दही याच ‘स्कीरे’पासून झाला आहे. एकाच घरचे हे दोघे भाऊ. एक जाणता, दुसरा अजाण! हा अजाण भाऊ जुन्या फ्रेंच भाषेत झिजून लहान झाला आणि १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला तो ‘मूर्ख’ हाच अर्थ घेऊन. उच्चार होता ‘नीस’, आणि लिहिताना पुष्कळदा ‘आय’च्या जागी ‘वाय’ पडे: एन, वाय, सी, ई. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या काव्यात हा ‘वाय’वाला शब्द भेटला, की बहुधा कोणाच्या तरी मूर्खपणाची गोष्ट चालली आहे असे समजावे.

त्या काळी स्पेलिंगला धरबंध नव्हता. १४७६ साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, आणि पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत स्पेलिंगे हळूहळू स्थिरावली. ‘वाय’ गळाला, ‘आय’ उरला. त्याच सुमारास इंग्रजीतला दीर्घ ‘ई’ ‘आइ’कडे झुकला आणि ‘नीस’चा ‘नाइस’ झाला.

रूप पालटले तसा स्वभावही पालटला. मूर्खाचा अर्थ बुजऱ्याकडे सरकला, बुजऱ्याचा नाजुकाकडे, नाजुकाचा चोखंदळाकडे आणि चोखंदळाचा काटेकोराकडे. हे सारे एका रांगेत घडले असे मात्र नव्हे. सोळाव्या-सतराव्या शतकांत हे सगळे अर्थ एकाच घरात नांदत होते. त्यामुळे जुन्या वाक्यात नेमका कोणता घ्यावा, याची कोशकारांनाही पंचाईत पडते. १७५५ साली डॉ. जॉन्सनने आपला कोश प्रसिद्ध केला, त्यात भर आहे तो सूक्ष्मता, काटेकोरपणा आणि चोखंदळपणा यांवर. ‘सुखद’ हा अर्थ रुळला तो त्या शतकाच्या उत्तरार्धात.

अर्थाची ही उलथापालथ केवळ पंडितांच्या करमणुकीची बाब नाही. तिच्यापायी एखाद्या माणसावर अन्यायही होऊ शकतो. १८०३ साली असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केल्यावर, दुसऱ्याच दिवशी ब्रसेल्समध्ये तो क्रीव्ही नावाच्या गृहस्थाशी बोलत होता. आपण आणि ब्लूखर यांनी मिळून तीस हजार माणसे गमावली, असे सांगून त्याने त्या लढाईला हेच विशेषण लावले. आजच्या अर्थाने वाचणाऱ्याला वाटेल, काय हा निर्दय मनुष्य! तीस हजारांच्या रक्ताला ‘छान’ म्हणतो! पण ड्यूकला म्हणायचे होते ते असे, की निकाल केसावर टांगलेला होता, आम्ही थोडक्यात वाचलो. विशेषणाचा जुना अर्थ ठाऊक नसला, तर हादरलेला सेनापती आपल्याला राक्षस दिसतो.

दुसरी गोष्ट जेन ऑस्टिनची. १८१७ साली, तिच्या निधनानंतर, ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातला हेन्री टिल्नी ऊठसूट ‘नाइस’ म्हणणाऱ्या नायिकेची थट्टा करतो. पूर्वी हा शब्द नीटनेटकेपणा नि नाजूकपणा यांपुरताच असावा, असे त्याचे म्हणणे. पण बिचाऱ्याचे ‘पूर्वी’ फार मागे जात नाही! आणखी चार शतके मागे गेला असता, तर त्याला ‘मूर्ख’ या अर्थाचाच आग्रह धरावा लागला असता.

आपण मात्र इंग्रजांना हसू नये. संस्कृतात ‘मुह्’ धातूपासून ‘मूढ’ आणि ‘मुग्ध’ हे दोन्ही शब्द निघाले. भांबावलेला, अजाण हाच ‘मुग्ध’चाही मूळ अर्थ. पण एक भाऊ मूर्खच राहिला, आणि दुसरा निरागस, मोहक होऊन काव्यात जाऊन बसला. ‘तू मूढ आहेस’ म्हटले तर घरात भांडण होईल. ‘मुग्धा’ हे नाव मात्र आपण कौतुकाने लेकीला ठेवतो.

निबंधात दर ओळीला ‘नाइस’ लिहिणाऱ्या पोराला मास्तरांनी दुसरे शब्द जरूर शिकवावेत. पण त्याचा ‘नाइस’ चुकीचा मात्र ठरवू नये. शब्दाचा अर्थ त्याच्या जन्मपत्रिकेवरून नव्हे, तर बोलणाऱ्याच्या काळावरून ठरतो. जुने पत्र, जुना बखरीचा कागद हाती आला म्हणजे, लिहिणाऱ्याला दोष देण्यापूर्वी, हा शब्द त्या दिवशी कोणत्या अर्थाने बोलला जात होता, एवढे विचारावे. मेलेल्या माणसाला आपली बाजू पुन्हा मांडता येत नाही. त्याच्या वतीने ती मांडणारे त्याचे शब्दच असतात.