मुसल्लस, त्रिकोण आणि ट्रँगल

इंग्रजी ही अध्यापनपद्धती निवडलेल्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांशी चर्चा करताना एक प्रश्न हमखास निघतो : गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकविल्यास विषय आणि भाषा दोन्ही साधतात काय? काहींच्या मते भाषा वापरल्यावाचून येत नाही, म्हणून विषयाच्या तासालाही ती कानी पडावी. काहींना भीती वाटते, की अशाने मूल व्याख्या पाठ करील आणि संकल्पना हरवून बसेल. तिसरे मत अधिक प्रांजळ असते : भाषेच्या शिक्षकाला विज्ञान येत नाही आणि विज्ञानाच्या शिक्षकाला इंग्रजी, मग हे शिकवायचे कोणी? युरोपात या पद्धतीला १९९४ साली स्वतंत्र नाव मिळाले आणि आपल्याकडे सेमी-इंग्रजीच्या रूपाने ती खेडोपाडी पोचली. मराठवाड्याला मात्र हा अनुभव नवा नाही, याचे स्मरण या चर्चेत क्वचितच राहते.

बारवेमुळे अभ्यासकांना परिचित असलेले सेलू तालुक्यातील वालूर हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात साधारण निम्मी प्रजा तेलुगूभाषक होती आणि पाव मराठीभाषक. राज्यकारभाराची भाषा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीऐवजी उर्दू झाली होती. प्राथमिक वर्गांत मातृभाषेला वाव होता. पुढील शिक्षणात उर्दूचे वर्चस्व होते. वालूरसारख्या गावातील मराठी मुलाने वरच्या इयत्तांची वाट धरली, की त्याचा भूगोल ‘जुग्राफिया’ होई, गणित ‘रियाजी’ होई आणि त्रिकोण ‘मुसल्लस’.

१९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून देण्याचे ठरविले. इंग्रजी हा आवश्यक विषय म्हणून ठेवला. भारतीय भाषेतून ज्ञान देण्याचा हा प्रयोग म्हणून त्याचे देशभर कौतुक झाले आणि ते अकारण नव्हते. वर्ग सुरू होण्यापूर्वीच, १९१७ साली, भाषांतर विभाग स्थापन करण्यात आला होता. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखे विद्वान त्याच्याशी निगडित होते. परिभाषा घडविली गेली, ग्रंथ अनुवादित झाले आणि मगच अध्यापनाला प्रारंभ झाला. आधी पुस्तक, मग माध्यम हा क्रम आजच्या धोरणकर्त्यांनीही लक्षात घ्यावा असा आहे.

परंतु ज्या भाषेला हे विद्यापीठ ‘आपली’ म्हणत होते, ती मराठी मुलाच्या घरची नव्हती. इंग्रजीच्या जोखडातून सुटका म्हणून ज्याचा गौरव झाला, तेच त्याच्या दृष्टीने आणखी एक परभाषामाध्यम ठरले. मराठी समाजाने याला दिलेले एक उत्तर म्हणजे राष्ट्रीय शाळा. १९२१ साली हिप्परग्याला अशी शाळा निघाली आणि स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे अध्यापन केले.

या इतिहासाकडे केवळ तक्रार म्हणून पाहणे आम्हांस अपुरे वाटते. त्या व्यवस्थेतून मराठवाड्यात उर्दूत सहज वावरणाऱ्या मराठी माणसांच्या पिढ्या तयार झाल्या, ही मिळकत खरी आहे. वालूरहून फार दूर नसलेल्या सातोन्यात १९१३ साली जन्मलेल्या बी. रघुनाथांनी निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत मराठीत कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या. दफ्तराची भाषा एक आणि अभिव्यक्तीची दुसरी, अशी ती विभागणी होती. प्रतिभावंत ती पेलतो. ज्ञानव्यवहाराची भाषा मात्र एकट्या प्रतिभेवर घडत नाही; शाळेत आणि महाविद्यालयात तिचा रोज वापर व्हावा लागतो. तो वापर मराठवाड्यातील मराठीला दीर्घकाळ नाकारला गेला.

या बाबतीत शब्दांची साक्ष बोलकी आहे. ‘गिरदावर’, ‘खासरा’ हे महसुली शब्द मराठवाड्यात टिकले, कारण शेतकऱ्याचा त्यांच्याशी व्यवहार होता. ‘मुसल्लस’ मात्र परीक्षेबरोबरच गेला. जी परिभाषा केवळ उत्तरपत्रिकेत राहते, ती माध्यम बदलताच पुसली जाते. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा उस्मानियाची परिभाषा येथे कामाची उरली नव्हती.

मग इंग्रजीचे काय? इंग्रजीची स्थिती वेगळी आहे, हे मान्य करावे लागेल. तिच्यामागे एखादे संस्थान नाही, जगाचा व्यवहार आहे. पालक ती सक्तीने नव्हे तर आशेने स्वीकारतात. तरीही वर्गातला पेच तोच आहे. ‘ट्रँगल’ हा शब्द मुलाच्या समजुतीत उतरतो, की ‘मुसल्लस’प्रमाणे उत्तरपत्रिकेतच राहतो, हे माध्यमाच्या नावावरून ठरत नाही. मुलाला आपल्या भाषेत शंका विचारता येते का, आणि दोन्ही भाषांत उत्तर देऊ शकेल असा शिक्षक समोर आहे का, यावर ते ठरते. म्हणूनच ‘शिकवायचे कोणी?’ विचारणारे ते तिसरे मत आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. उस्मानियाने ग्रंथ सिद्ध केले. मराठी मुलाची शंका मात्र तिच्या हिशेबात नव्हती. आज इंग्रजीतून विषय शिकविण्याची तयारी करणाऱ्या भावी शिक्षकाने आपल्या पाठटाचणात त्या शंकेसाठी जागा ठेवावी, आणि ती मराठीतून आली तरी तिला विषयाचाच भाग मानावे.