कुत्रा, कोंबडी आणि कायदा

वकिली करता करता कायद्याची एक खोड आम्हांस पुरती कळली आहे: नुकसान झाल्यावरच तो जागा होतो. इ. स. पूर्व 450 च्या सुमारास रोममध्ये झालेल्या द्वादशफलक कायद्याचेही तेच. चतुष्पाद जनावराने दुसऱ्याची हानी केली, तर धन्याने भरपाई द्यावी, नाहीतर ते जनावरच वादीच्या स्वाधीन करावे. मेलेली कोंबडी त्याने थोडीच परत येते!

शेतकऱ्याला आधीच विचार करणे भाग असते. पहिल्या शतकात कोलुमेलाने आपल्या कृषिग्रंथात लिहिले, की वाड्याचा कुत्रा काळा असावा, म्हणजे चोर दचकेल. धनगराचा पांढरा असावा, म्हणजे अंधुक उजेडात लांडगा समजून धनीच त्याला मारणार नाही. इटलीचे मारेम्मा कुत्रे आजही पांढरेच असतात. त्यांची पिल्ले लहानपणीच मेंढरांत वाढवितात, म्हणून कळप त्यांना आपला वाटतो. कोंबड्यांबाबत रीत तीच. मात्र पिल्लू खेळता खेळताच पक्षी मारते, तेव्हा आरंभी मध्ये जाळी आणि माणसाची नजर हवी.

ऑस्ट्रेलियात वॉर्नमबूलच्या एका कुक्कुटपालकाने असे कुत्रे कोंबड्या राखण्यास ठेवले होते. शेजारच्या मिडल बेटावर ओहोटीच्या वेळी खोकडे जात (ती गोऱ्या वसाहतवाल्यांनी शिकारीच्या हौसेने तिकडे आणलेली!). शेकड्यांनी असलेले तेथील छोटे पेंग्विन 2005 पर्यंत दहाहूनही कमी उरले. 2006 मध्ये त्याच्या सूचनेवरून मारेम्मा तेथे नेले; पुढे पेंग्विन शंभरावर गेले. 2017 मध्ये कुत्रे बेटावर नसताना खोकडांनी पुन्हा अनेक पेंग्विन मारले.