तारेवरची देवनागरी

इंग्रजीत कोणतं अक्षर सर्वांत जास्त लागतं, हे शोधायला सॅम्युएल मोर्स आणि त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल यांना व्याकरणं चाळावी लागली नाहीत. छापखान्यातल्या खिळ्यांची मोजदाद पुरली. ‘ई’चे खिळे १२,०००, ‘टी’चे ९,००० आणि ‘झेड’चे अवघे २००. ज्याचे खिळे जास्त, त्याची तारेवरची खूण आखूड, असं साधं गणित त्यातून निघालं. ‘ई’ला एक टिंब मिळालं, ‘टी’ला एक रेघ.

त्याआधी मोर्सचा बेत निराळाच होता. प्रत्येक शब्दाला एक क्रमांक द्यायचा, तारेतून नुसते आकडे पाठवायचे आणि पलीकडच्याने जाडजूड कोश उघडून शब्द शोधत बसायचं. अक्षरांना स्वतंत्र खुणा मिळाल्यावर हा खटाटोप सुटला. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला गेलेला प्रसिद्ध संदेश अक्षरांतूनच गेला.

आज जगभर चालते ती लिपी मात्र तंतोतंत मोर्सची नव्हे. जर्मनीत फ्रीडरिश गेर्केने १८४८ मध्ये तिची डागडुजी केली आणि १८६५ च्या पॅरिस परिषदेनंतर तिच्यावर आधारलेली आंतरराष्ट्रीय मोर्स रूढ झाली. तिचा हिशेब छंदशास्त्र शिकलेल्या माणसाला लगेच कळेल, कारण तो मात्रांचाच आहे. टिंब म्हणजे एक मात्रा, रेघ म्हणजे तीन. एका अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा थांबायचं, दोन अक्षरांमध्ये तीन आणि दोन शब्दांमध्ये सात. ‘ई’ एका मात्रेत उरकतो, ‘क्यू’ तेरा मात्रा खातो, शून्य एकोणीस.

गंमत अशी की हिंदुस्थानात तार आली ती मोर्सविनाच. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातला प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी १८३९ पासून तारांचे प्रयोग करत होता. १८५०-५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली लाइन उभी राहिली. तिच्या उभारणीत ओशॉनेसीचा उजवा हात होता शिवचंद्र नंदी. पुढच्या चार-पाच वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास जोडली गेली आणि १८५५ मध्ये तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. पण या सगळ्या पसाऱ्यात संदेश वाचला जायचा तो ओशॉनेसीने स्वतः बनवलेल्या यंत्राच्या सुईवर. सुई डावीकडे किती वेळा हलली, उजवीकडे किती वेळा, यावरून अक्षर ठरायचं. सतत सुईकडे टक लावून बसायचं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. १८५७ च्या सुमारास या यंत्रांच्या जागी मोर्सची यंत्रं येऊ लागली.

मोर्सच्या यंत्रातून सुरुवातीला कागदी पट्टीवर टिंबं आणि रेघा उमटत. पट्टी बघून मजकूर उतरवायचा, असा शिरस्ता होता. पण यंत्राची टकटक कानावर पडता पडताच अक्षरं ओळखू येतात, हे तारमास्तरांच्या लक्षात आलं आणि पट्टी मागे पडून साउंडर आला. साउंडरमधून टिंब किंवा रेघ अशी ऐकू येत नाही. ऐकू येतात ते दोन ठोके, यंत्राची दांडी खाली बसल्याचा आणि वर उचलल्याचा. त्या दोन ठोक्यांमधला अवकाश आखूड की लांब, हे कानाने तोलायचं आणि त्याच वेळी हाताने मागचा शब्द लिहीत राहायचं. सराईत माणूस सुटी अक्षरं ऐकतच नाही, अख्खा शब्दच त्याच्या कानावर येतो.

मराठी मुलखातली तार बहुतेक इंग्रजीतच असायची. वडील आजारी, ताबडतोब निघा, एवढा मजकूर ज्याला इंग्रजीत लिहिता येत नसे, तो पोस्टात कुणाकडून तरी फॉर्म भरून घेई. पैसे शब्दांवर, म्हणून क्रियापदांवर पहिली कुऱ्हाड. नावांना मात्र पर्याय नव्हता, ती रोमन अक्षरांतच घालावी लागत. ‘काळे’ हे आडनाव घ्या. के (– · –), ए (· –), एल (· – · ·), ई (·). पलीकडे चारही अक्षरं बिनचूक उतरली, तरी तो माणूस काळे, काले, कळे की कले, हे तारमास्तराला कळणार कसं? खुणा अचूक आणि नाव संदिग्ध, हा दोष तारेचा नव्हता, रोमन लिपीचा होता.

मात्रांतही मराठीला भुर्दंडच. आपल्या एका ‘ख’साठी के आणि एच अशी दोन अक्षरं खर्ची पडतात. मधली विश्रांती धरून त्यांच्या भरतात एकोणीस मात्रा, म्हणजे शून्याइतक्याच. ‘क्ष’ला सत्तावीस. नशीब की ‘एच’ला चार टिंबांवर भागवलं आहे, नाहीतर आपल्या महाप्राणांनी तारमास्तरांचं मनगट मोडलं असतं.

इतर लिप्यांनी आपापल्या वाटा काढल्या. जपान्यांनी आपल्या काना लिपीतल्या प्रत्येक अक्षराला खूण दिली आणि ‘का’चा ‘गा’ करायचा तर मागाहून दोन टिंबं जोडली. लिहिताना अक्षराच्या डोक्यावर दोन छोटे फटकारे देतात, त्याचीच ही नक्कल. चीनपुढे हजारो चिन्हांचं संकट होतं. तिथे १८७० च्या दशकात प्रत्येक चिन्हाला चार आकडी क्रमांक मिळाला आणि तारमास्तर कोश घेऊन बसला. मोर्सने टाकून दिलेली कल्पना तिथे कामाला आली, पण एका चिन्हापायी वीस खुणांचा खर्च होऊन बसला.

देवनागरी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडते. मुळाक्षरं पन्नासच्या आसपास, म्हणजे कोशाची गरज नाही. पण जोडाक्षराचं काय करायचं? ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, तर तारेत आधी काय पाठवायचं? स्वतंत्र भारतात १९४९ पासून देवनागरीतून तारा घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा हे प्रश्न खरोखरीचे झाले. देवनागरीसाठी मोर्सच्या मांडण्या एकाहून अधिक झाल्या. त्यांतली एक डेक्कन कॉलेजातले भाषावैज्ञानिक अशोक केळकर (१९२९–२०१४) यांची. रोमन किंवा रशियन लिपीत ज्या अक्षराचा उच्चार जवळचा, त्याचीच खूण देवनागरी अक्षराला द्यायची, असं त्यांचं सूत्र. हे शहाणपण व्यवहाराचं आहे. इंग्रजी मोर्स मुरलेल्या हाताला पाटी पुसून नव्याने शिकायची पाळी येत नाही.

शुभेच्छांच्या तारांनी तर लिपीचा प्रश्नच बाजूला सारला. ठरावीक वाक्यांना खात्याने क्रमांक दिले होते. दिवाळीच्या शुभेच्छा १, सुखी वैवाहिक जीवनाच्या ८. तारेतून जायचा तो आकडा. लग्नघरी पोचायचं ते अख्खं वाक्य.

मोर्सची टकटक मात्र टेलिप्रिंटरने आणि पुढे संगणकाने केव्हाच बंद केली होती. जुलै २०१३ मध्ये बीएसएनएलने तारसेवा थांबवली, तेव्हा शेवटच्या दिवशी शहरोशहरीच्या तार ऑफिसांत रांगा लागल्या. ते सगळे संदेश संगणकावर टाइप होऊन गेले. दर होता ५० शब्दांना २७ रुपये, म्हणजे क्रियापदं गाळायची कुणाला गरज नव्हती.