दुधनीचा फलाट, 1975

आधी डोक्यावरच्या विजेच्या तारा काढून टाका. दुसरी लाइनही उचला. बोरोटीकडून येणारी आणि गाणगापूर रोडकडे जाणारी एकच लाइन उरू द्या. रंगीत दिव्यांच्या सिग्नलच्या जागी उंच खांबावर लाल हात बसवा. आता 1975 सालची संक्रांत नुकतीच झाली आहे, तांबडं फुटलं आहे आणि तुम्ही मफलर गुंडाळून दुधनी स्टेशनात उभे आहात.

मालधक्क्यावर तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या आहेत. हमालांचं बोलणं कानडीतून मराठीत आणि मराठीतून कानडीत न अडखळता चाललं आहे. फलाटाच्या टोकाला एक गोरा पाहुणा तिपाईवर कॅमेरा बसवतो आहे. स्टेशन मास्तरांच्या हातात त्याचा परवाना आहे, थेट दिल्लीच्या रेल्वे बोर्डाचा. परवान्याशिवाय रेल्वेचे फोटो काढायला मनाई आहे. मास्तर कागद दोनदा वाचतात, घडी घालून परत देतात आणि म्हणतात, "बर्री, या साहेब, आधी चहा घ्या."

"काय करालाय हो ह्यो?" एक हमाल तुम्हाला विचारतो.

"इंजिनाचा पिच्चर काढालाय."

"मालगाडीच्या?"

होय, मालगाडीच्याच. या माणसाच्या देशात, इंग्लंडमध्ये, 11 ऑगस्ट 1968 रोजी मुख्य मार्गांवरची शेवटची वाफेची गाडी धावली आणि इंजिनं भंगारात निघाली. काही शौकिनांनी जपली, रंगवली, सुट्टीच्या दिवशी हौसेनं चालवली. याला मात्र पोटासाठी राबणारं इंजिन हवं आहे. त्यासाठी कोणी तुर्कस्तानला जातो, कोणी दक्षिण आफ्रिकेला. हा सोलापूर जिल्ह्यात आला आहे. इथे दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात तीन रुंदीचे रूळ आहेत. दुधनीला ब्रॉडगेज, होटगीहून गदगकडे मीटरगेज आणि कुर्डुवाडीला 1897 सालापासूनची बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज. तिन्हींवर वाफ.

मास्तरांच्या खोलीत घंटी वाजते. होटगीच्या बाजूचा लाल हात खाली पडतो. क्षितिजावर धूर दिसतो, मग खडखडाट ऐकू येतो आणि डब्ल्यूजी जातीचं वाफेचं इंजिन मालगाडी घेऊन लूप लाइनला येऊन थांबतं. समोरून मद्रासची मेल यायची आहे. ती डिझेलवर येते, खलाशी टोकनची कडी झेलतो, मेल निघून जाते. पाहुणा कॅमेऱ्याला हातही लावत नाही.

तोवर तुम्ही इंजिनाजवळ जा. ड्रायव्हर ओळखीचा हसतो, हात देऊन वर घेतो. चेहऱ्यावर भट्टीची झळ, पाठीला पौषाची थंडी. फायरमन साखळी ओढून भट्टीचं दार उघडतो, फावड्यानं कोळसा नेमक्या कोपऱ्यात फेकतो, दार बंद करतो. नजर काट्यावर. चौरस इंचाला 210 पौंड हा या बॉयलरचा पूर्ण दाब. तो भरला की सेफ्टी व्हॉल्व्ह कान फाडत वाफ सोडतो. बाजूच्या काचेच्या नळीत पाण्याची पातळी हलते आहे. तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर बॉयलर जीव घेतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. फायरमनच्या डाव्या मनगटावर जुन्या भाजल्याचा डाग आहे.

खाली उतरा. पाहुणा कॅमेऱ्याला चावी भरतो आहे. पूर्ण चावीवर जेमतेम अर्धा मिनिट फिल्म फिरते, म्हणून शिट्टी होईपर्यंत तो थांबतो. आवाजासाठी शेजारी वेगळा टेपरेकॉर्डर आहे. तो ओठांवर बोट ठेवतो आणि सगळा फलाट गप्प होतो.

शिट्टी. ड्रायव्हर रेग्युलेटर ओढतो. क्षणभर काहीच होत नाही. मग पहिला फुसकारा, धुरांड्यातून काळा-पांढरा लोट. चाकाच्या एका फेऱ्यात असे चार फुसकारे. वॅगनींच्या साखळ्या एकामागून एक ताणल्या जातात. मध्येच चाकं जागेवर घसरून भर्रकन फिरतात. ड्रायव्हर वाफ तोडतो, पुन्हा हळूच देतो आणि गाडी उचलते. थंडीमुळे वाफ विरत नाही; तुरीच्या शेतांवर लांबवर लोंबत राहते. पाहुण्याला हेच हवं होतं: ओझं, घसरण आणि त्यातून वाट काढणारा ड्रायव्हरचा हात.

आता 1995 सालात या. 6 डिसेंबरला जालंधर-फिरोजपूर मार्गावर आपल्या ब्रॉडगेजवरची नियमित वाफ संपते. चित्तरंजनच्या कारखान्यात शेवटचं डब्ल्यूजी इंजिन 1970 मध्येच बनलं होतं. त्याचं नाव 'अंतिम सितारा'. पण त्याच 1995 मध्ये चीनच्या इनर मंगोलियात जिटोंग रेल्वे सुरू होते, तीही वाफेवर! पुढची दहा वर्षं जगभरचे शौकीन जिंगपेंगच्या घाटात बर्फात उभे राहून जोडइंजिनाच्या मालगाड्या चित्रित करतात. दुधनीला जन्मलेल्या माणसालाही कामावरची वाफ पाहायची तर मग परदेश गाठावा लागतो. जो रोजचा धूर वाळत घातलेल्या धोतरावर काजळी धरतो म्हणून आपण वैतागायचो, त्यासाठी पासपोर्ट काढावा लागतो.

म्हणून 1975 च्या फलाटावरून परतताना त्या पाहुण्याची शिस्त सोबत आणा. त्यानं वहीत इंजिनाचा नंबर, स्टेशन, तारीख, वेळ लिहिली. फायरमनचं नाव मात्र लिहिलं नाही. ते काम त्याचं नव्हतं, आपलं आहे. सोलापूर, कुर्डुवाडी, वाडीच्या रेल्वे वस्त्यांत फावडं चालवलेली माणसं आज म्हातारी झाली आहेत. त्यांच्या अंगणात बसा, मोबाइल सुरू करा, कोळसा भट्टीत कुठे आणि का टाकायचा ते त्यांच्या तोंडून ऐका. इंजिन संग्रहालयात उभं करता येतं. ते चालवण्याची अक्कल या माणसांच्या हातात होती, आणि ती सांगायला ही माणसं अजून आहेत.