वॉन म्हणजे कॉपी?

स्टीव्ही रे वॉन म्हणजे जिमी हेंड्रिक्सची कॉपी, असं कुणी म्हणालं की माझं डोकं सटकतं. हेंड्रिक्सचं १९६८ चं 'वूडू चाइल्ड' त्याने १९८४ च्या अल्बममध्ये जवळजवळ जसंच्या तसं वाजवलं, कबूल. डावखुरा हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा, तर डावखुरा नसलेल्या या पठ्ठ्याने आपल्या गिटारला डावखुऱ्यांचा ट्रेमोलो बसवून घेतला! पण नीट ऐका... हेंड्रिक्स फीडबॅकमधून भलतेच आवाज काढत गाणं पार विस्कटून टाकतो. वॉन मात्र जाड तारा ओढत ब्लूजला घट्ट धरून राहतो. अल्बर्ट किंगचं ऋण तर दोघांवरही आहे, मग कॉपी कोण कुणाची? हेंड्रिक्स १९७० मध्ये गेला, २७ व्या वर्षी. वॉन १९९० मध्ये, हेलिकॉप्टर अपघातात, ३५ व्या वर्षी. असो. मी आधी वॉनच लावतो.