रंगवलेली नाही, जोडलेली काच! जर्मनीतली 'मोंटाज' कला नेमकी आहे तरी काय?

तळहातावर मावेल एवढी काचेची फुलदाणी. भिंती कागदासारख्या पातळ. अंगावर निळे, जांभळे, काळे पट्टे आणि मध्येच नाजूक जाळी. फोटो पाहून कुणीही म्हणेल, काय सुंदर रंगवलंय! पण इथे ब्रशचा संबंधच नाही. प्रत्येक पट्टा म्हणजे वेगळ्या रंगाच्या काचेचा वेगळा तुकडा. हे सगळे तुकडे ज्योतीवर एकमेकांना जोडून ही फुलदाणी तयार झालेली असते.

या पद्धतीला जर्मनीत 'मोंटाज' म्हणतात. मोंटाज म्हणजे जुळणी.

ही कला कुठली?

जर्मनीच्या मध्यभागी थुरिंगिया नावाचं डोंगराळ राज्य आहे. तिथल्या लाउशा गावात १५९७ साली हान्स ग्राइनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी काचेचा कारखाना सुरू केला आणि गावच काचेचं झालं.

लाउशाची खासियत म्हणजे घरोघरी चालणारं काचकाम. मोठ्या भट्टीवर काचेच्या नळ्या आणि कांड्या तयार व्हायच्या. कारागीर त्या घरी नेत आणि टेबलावरच्या दिव्याच्या ज्योतीत तापवून, फुंकून वस्तू बनवत. म्हणून याला दिव्यावरचं काचकाम म्हणतात. पुढे १८६७ मध्ये गावात गॅस आला आणि ज्योत जास्त प्रखर, जास्त हुकमी झाली.

या टेबलांवर मणी बनले, खेळणी बनली. १८३५ मध्ये लुडविग म्युलर-उरी यांनी माणसांसाठी काचेचे कृत्रिम डोळे बनवले. ख्रिसमसच्या झाडावर लटकणारे काचेचे चमकदार गोळे जगभर पोचले तेही याच गावातून. पण हे सगळं पोटापाण्याचं काम होतं. त्याला कला म्हणायला फारसं कुणी तयार नव्हतं.

मग बदल कुणी घडवला?

इथे नाव येतं अल्बिन शेडेल (१९०५–१९९९) यांचं. शेडेल थुरिंगियातल्याच आर्नश्टाट शहरात काम करायचे. १९५० च्या दशकात, म्हणजे थुरिंगिया पूर्व जर्मनीत असताना, त्यांनी मोंटाज तंत्र विकसित केलं. हत्यारं तीच, खेळणी बनवणाऱ्यांची. त्यातून घडू लागली ती मात्र एकेकटी, पुन्हा तशीच न होणारी भांडी.

त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर ओट्टो शिंडहेल्म, वाल्टर बेत्स-डोले, हार्टमुट बेखमान यांनी हे तंत्र आपापल्या पद्धतीनं वापरलं. तिकडे पश्चिम जर्मनीत कुर्ट वालश्टाब मोंटाजसाठी ओळखले गेले. देश दोन झाले होते, तंत्र मात्र दोन्हीकडे चालू राहिलं.

हे करतात कसं?

आपल्या गोधडीसारखं समजा. फक्त शिलाई दिसता कामा नये आणि सगळे तुकडे आगीत असताना जोडायचे.

१. एका रंगाची नळी बर्नरवर मऊ करून फुंकायची आणि हवा तेवढा भाग ठेवायचा.

२. दुसऱ्या रंगाचा तुकडा तेवढ्याच व्यासाचा करायचा.

३. दोन्हींच्या कडा वितळत आल्या की एकमेकांना भिडवायच्या. या वेळी डावा आणि उजवा हात अगदी एकाच वेगानं फिरायला हवा. थोडाही फरक पडला तर भांडं पिळवटतं.

४. जोड पुन्हा तापवून, फुंकून सपाट करायचा. मग पुढचा तुकडा.

फुंकताना भांडं फुगतं, तसे पट्टेही रुंदावतात. त्यामुळे शेवटी नक्षी कशी दिसेल याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. जोडात बारीकशी फट राहिली तरी हवा निसटते आणि भांडं फुगतच नाही.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

तडा. काच तापली की प्रसरण पावते, थंड झाली की आकसते. प्रत्येक काचेचं हे प्रमाण वेगळं असतं. उदाहरणार्थ, प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते. असे न जुळणारे तुकडे जोडले तर थंड होताना जोड फुटतो. म्हणून रंग आवडला एवढ्यावर काच निवडता येत नाही, स्वभावही जुळावा लागतो. काम चालू असताना तयार झालेला भागही गरम ठेवावा लागतो आणि शेवटी पूर्ण भांडं अगदी हळूहळू थंड करावं लागतं. दिवसभराची मेहनत शेवटच्या मिनिटाला जाऊ शकते.

याचं महत्त्व काय?

आधुनिक काचकलेची गोष्ट बहुतेक वेळा १९६२ पासून सांगितली जाते. त्या वर्षी अमेरिकेतल्या टोलेडो इथे हार्वी लिटलटन यांनी कार्यशाळा घेतली आणि कलाकार छोट्या भट्टीवर, कारखान्याबाहेर स्वतः काच घडवू शकतो हे दाखवलं. तिथूनच 'स्टुडिओ ग्लास' चळवळ उभी राहिली.

लाउशाच्या कारागिरांना मात्र एकट्यानं टेबलाशी बसून काच घडवणं नवीन नव्हतं. शेडेल यांनी त्याच टेबलावर, टोलेडोच्या आधीच, कलाकृती घडवायला सुरुवात केली होती. भट्टीची गोष्ट जगभर गाजली, दिव्याची गोष्ट मागे राहिली.

आज काय स्थिती आहे?

लाउशात काचकलेचं संग्रहालय आहे, काचकाम शिकवणारी शाळा आहे आणि रंगीत नळ्या-कांड्या बनवणारी जुनी भट्टीही आहे. २०२३ मध्ये युनेस्कोनं हातानं काच घडवण्याचं कौशल्य मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. जर्मनीसह सहा युरोपीय देशांनी त्यासाठी एकत्र प्रस्ताव दिला होता.

पण दोन्ही हात एका लयीत फिरवणं यादीत नाव आल्यानं येत नाही. ते कुणाच्या तरी शेजारी बसून, बरीच काच फोडूनच शिकावं लागतं.

आता अशी फुलदाणी दिसली तर ती उजेडासमोर धरून बघा. रंग वरून लावलेला असेल तर तो एकाच बाजूला बसलेला दिसेल. मोंटाजमध्ये मात्र तो आतून-बाहेरून आरपार असतो, कारण तिथे रंग म्हणजेच काच.