‘नाणे परत घ्याल का?’ : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी नाण्यांच्या एका प्रदर्शनात मी तांब्याची शिवराई विकत घेतली. कागदी पाकिटावर ‘शिवकालीन’ अशी चिठ्ठी होती. नाण्यावर काळपट-हिरवा थर इतका दाट की अक्षरे बोटांनीच चाचपावी लागत. घरी येऊन ते चिंचेच्या कोळाने घासले. थर गेला, ‘श्री राजा शिव’ उजळले आणि अक्षरांमधल्या दोन आडव्या रेषाही. म्हणजे ही ‘दुदांडी’ शिवराई, शिवाजी महाराजांच्या पुष्कळ नंतरची.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याकडे गेलो. उत्तर मिळाले : “नाणे खरेच आहे ना, मग तक्रार कसली? आणि धुतलेले नाणे आम्ही परत घेत नाही.” या दोन वाक्यांत जुन्या नाण्यांच्या व्यापारातले जवळजवळ सगळे वाद सामावलेले आहेत. त्यांचाच हा धागा.

माल परत करण्याची मुदत ही आजच्या ऑनलाइन दुकानांची देणगी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खरेदी-विक्रीनंतर मन पालटल्यास काय करावे यावर स्वतंत्र प्रकरण आहे. व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुरे पाळणाऱ्याला पाच. मनुस्मृतीत दहा दिवस. या पश्चात्तापाला धर्मशास्त्राने नावही सुंदर दिले आहे : ‘अनुशय’.

नारदस्मृती याहून बारकाईने बोलते. घेतलेली वस्तू त्याच दिवशी न बिघडवता परत केली तर पूर्ण किंमत परत. दुसऱ्या दिवशी तिसावा भाग कापला जाणार, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर वस्तू कायमची आपली. ‘न बिघडवता’ ही अट तेव्हापासूनची आहे. माझी चिंच इथेच आडवी येते.

परंतु नारद आणखी एक मुदत सांगतो, आणि ती मन पालटण्याची नाही, पारखण्याची आहे. लोखंड व वस्त्र एक दिवस, दुभती जनावरे तीन दिवस, मोती, हिरे व पोवळी सात दिवस. जितकी पारख अवघड, तितका अवधी अधिक. नाण्यांचे आजचे अनेक विक्रेते सात दिवसांची मुदत देतात. हे साम्य योगायोगाचे असेल. तर्क मात्र तोच आहे.

निर्दोष वस्तू दाखवून सदोष देणाऱ्याचे प्रकरण नारद या मुदतींपासून वेगळे ठेवतो. त्याने दुप्पट किंमत द्यावी, शिवाय तितकाच दंड. नाण्यांच्या व्यापारात हा भेद अत्यावश्यक ठरला, कारण इथे फसवणूक सात दिवसांत उघड होईलच असे नाही. जर्मनीतल्या कार्ल विल्हेल्म बेकरने (१७७२–१८३०) ग्रीक, रोमन आणि मध्ययुगीन नाण्यांचे शेकडो ठसे स्वतः कोरले. नवे नाणे जुने दिसावे म्हणून तो ते लोखंडाचा कीस आणि वंगण भरलेल्या पेटीत घालून घोडागाडीला बांधी व फिरवून आणी, असे सांगतात. त्याची नाणी मोठमोठ्या संग्रहांत शिरली. अशा मालाला सात दिवसांची मुदत काय पुरणार? म्हणून प्रतिष्ठित विक्रेते नाण्याच्या खरेपणाची हमी मुदतीत बांधत नाहीत. मुदत असते ती केवळ नापसंतीसाठी.

१९८६ साली अमेरिकेत पीसीजीएस ही संस्था निघाली आणि पारख विक्रीच्या आधीच होऊ लागली. तज्ज्ञ नाणे तपासतात, ७० पर्यंतच्या श्रेणीत त्याचा दर्जा ठरवतात आणि ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात. खरेपणाची आणि दर्जाची हमी संस्थेची. डबी फोडली की हमी संपली. नाण्याला हात न लावता ते जपायचे, ही कल्पना मला आजही थोडी खटकते. पण चिंचेपेक्षा बरीच!

आता माझ्या शिवराईकडे. नाणे अस्सल होते, खोटी होती ती चिठ्ठी. भारतीय मालविक्री कायदा, १९३० याचे कलम १५ म्हणते की वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. तेव्हा विक्रेत्याचे पहिले वाक्य टिकत नाही. दुसरे मात्र टिकते. कलम ४२ प्रमाणे, माल हाती आल्यावर विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही केले, तर तो स्वीकारला असे धरले जाते. नाणे घासणे याहून वेगळे काय? मग नाणे परत करता येत नाही, पण चुकीच्या वर्णनामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दोघेही थोडे चुकलो होतो, आणि भुर्दंड एकट्यानेच भरला.

विचित्र गोष्ट अशी, की घासले नसते तर त्या रेषा मला दिसल्याच नसत्या. चिठ्ठी अजून त्या पाकिटावरच आहे. दुदांडी शिवराया नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर पुढचा धागा.